आधी खालची बाजू बघा: पडलेल्या झाडावरची लाकडी अळंबी कशी ओळखावी

जूनच्या पहिल्या दणदणीत सरीत ठाण्यात कुठेतरी एक गुलमोहर आडवा होतोच. सकाळी रिक्षावाले वळसा घालून जातात, कोणीतरी फोटो काढतो, दुपारपर्यंत करवत चालते आणि रस्ता मोकळा होतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतही असाच एक गुलमोहर तीन पावसाळ्यांपूर्वी पडला. फांद्या उचलल्या गेल्या, पण बुंध्याचे तीन ओंडके "उद्या गाडी पाठवतो" या कंत्राटदाराच्या शब्दावर तिथेच राहिले. ती गाडी अजून आलेली नाही आणि आता ती येऊ नये असंच मला वाटतं, कारण लाकडावरच्या अळंब्या ओळखायला मी शिकलो तो याच तीन ओंडक्यांवर.

सुरुवात मात्र फजितीने झाली. मोठ्या ओंडक्याच्या टोकाला ताटलीएवढी एक तपकिरी फळी फुटली होती. तिच्यावर, शेजारच्या पानांवर, अगदी कोळ्याच्या जाळ्यावरसुद्धा कोकोसारखी बारीक पूड बसलेली. बाजूला टॉवरचं काम चालू होतं, त्यामुळे ही बांधकामाची धूळ असणार असं मी ठरवून टाकलं आणि फोटो स्वच्छ यावा म्हणून ओल्या फडक्याने पुसून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आमचे वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, धूळ वरून पडली असती तर हे बाकडं पण भरलं असतं ना?" बाकडं लख्ख होतं. ती पूड म्हणजे त्या अळंबीचे बीजाणू, बियांचं काम करणारे सूक्ष्म कण, होते, आणि तिची ओळख पटवणारी सगळ्यात सोपी खूण मी रोज सकाळी पुसून टाकत होतो.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी झाड, मग खालची बाजू, मग आतला गर, मग पूड, आणि नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक नवखे लोक याच्या नेमके उलट जातात. वरून रंग बघतात, फोटो काढतात, अ‍ॅपला विचारतात आणि अ‍ॅप सांगेल ते नाव घेऊन घरी जातात. रंग ही या मंडळींची सर्वात बेभरवशाची खूण आहे. एकच फळी ओली असताना चॉकलेटी, वाळल्यावर राखाडी आणि शेवाळ चढलं की हिरवी दिसते.

ही वस्तू नेमकी काय आहे

पावसात जमिनीतून वर येणाऱ्या मऊ कुत्र्याच्या छत्र्या दोन-तीन दिवसांत विरघळून जातात. लाकडी अळंबी त्यांच्यापेक्षा वेगळ्या वळणाची. खोडाला भिंतीतल्या फळीसारखी आडवी चिकटते, चामड्यासारखी चिवट किंवा थेट लाकडासारखी टणक असते आणि महिनोन् महिने टिकते. काही जाती तर वर्षानुवर्षं थरावर थर चढवत वाढतात. आपल्याला दिसते ती फळी म्हणजे फक्त फळ. आंब्याच्या झाडाला आंबा, तशी ती. फरक एवढाच की इथे 'झाड' बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने लाकडाच्या आत दडलेलं असतं. म्हणून फळी उपटली की बुरशी गेली, असं होत नाही.

केव्हा आणि कुठे बघायचं

सगळे म्हणतात पावसाळ्यात बघा. माझं मत वेगळं आहे. ज्याला अगदी पहिल्यांदा शिकायचंय त्याने नवरात्राच्या सुमारास सुरुवात करावी. जुलै-ऑगस्टमध्ये ओंडक्यावर इतक्या प्रकारच्या मऊ, चिकट, जेलीसारख्या गोष्टी उगवतात की डोकं चक्रावतं. ऑक्टोबरात ऊन पडलं की मऊ मंडळी आपोआप गळून जातात आणि मागे फक्त लाकडी उरतात. डास थोडे कमी आणि पाय घसरायची भीतीही कमी. एकदा नजर बसली की मग पुढच्या जूनपासून तीच जागा दर आठवड्याला बघा. फळी पांढऱ्या गाठीपासून कशी वाढते ते तेव्हाच कळतं.

जागेसाठी लांब जायची गरज नाही. सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, तलावाकाठची जुनी झाडं, रस्त्याकडेला रचलेले ओंडके यांतच पहिलं वर्ष निघून जाईल. नवी मुंबईत खारघरच्या टेकडीच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या उतारावर बघा. येऊर अर्थात सर्वात श्रीमंत, पण येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही काढून नेता येत नाही, आणि त्यात मेलेल्या लाकडावरची बुरशीही आली. तिथे फक्त डोळे, भिंग आणि फोटो. तोडणं, कापणं, खरवडणं हे सगळं आपल्या आवारातल्या ओंडक्यासाठी राखून ठेवा, तेही सेक्रेटरींना सांगून. आमच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण "घरात आणू नका हं" असंही बजावलं.

बरोबर काय घ्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसलं. कंपासपेटीतली पट्टी. पेन्सिल, कारण पावसात बॉलपेनची शाई पसरते. कागदी पिशव्या, कारण प्लास्टिकमध्ये अळंबीला घाम फुटतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसरीच बुरशी चढते. एक छोटा चाकू. आणि पावडरच्या डबीतला असतो तेवढा लहान आरसा. हा आरसा म्हणजे या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. जमिनीलगतच्या फळीची खालची बाजू बघायला लोक ती सरळ तोडतात. आरसा खाली सरकवला की काम होतं. आरसा विसरलात तर फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून फोन फळीखाली सरकवा.

फळीखाली बोटं घालण्याआधी काठीने ओंडका ठोका. ओल्या लाकडाखाली विंचू आणि घोण हमखास असतात आणि येऊरच्या बाजूला फुरसंही. तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे ऊन उतरायच्या आत परत फिरायचं.

पहिली पायरी: झाड वाचा

अळंबीकडे वळण्याआधी ती कशावर बसली आहे ते लिहा. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, आंबा, सुबाभूळ, ऐन, जे असेल ते. कळत नसेल तर सालीचा फोटो घ्या आणि शेजारी तसलंच उभं झाड आहे का बघा. बऱ्याच लाकडी अळंब्यांच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात आणि झाडाचं नाव माहीत असलं की निम्मे पर्याय गळतात. नुसतं 'ओंडक्यावर' असं लिहिलेली नोंद वर्षभराने वाचली की काही उपयोगाची राहत नाही. माझ्या पहिल्या वहीत अशा अकरा नोंदी आहेत.

मग लाकूड कुजलंय कसं ते बघा. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन असतं. काही बुरशा लिग्निनही खातात. मग लाकूड फिकट, धाग्याधाग्याचं, ओल्या स्पंजासारखं होतं. ही पांढरी कूज. काही बुरशा सेल्युलोज फस्त करून लिग्निन तसंच सोडतात. मग लाकूड गडद तपकिरी होऊन त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि ते बर्फीच्या वड्यांसारखं चौकोनी तुटतं. ही तपकिरी कूज. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांवर ज्या फळ्या दिसतात त्यांतल्या बहुतेक पांढऱ्या कुजीवाल्या. त्यामुळे कधी वड्या पडलेलं लाकूड दिसलं तर थांबा आणि नोंद ठळक करा, नेहमीची मंडळी नाहीत एवढं नक्की.

दुसरी पायरी: फळीची दिशा

मला स्वतःला या सगळ्या उद्योगात सर्वाधिक आनंद या पायरीत मिळतो.

फळीच्या खालच्या अंगाला हजारो बारीक नळ्या असतात. त्यांच्या भिंतींवर बीजाणू तयार होतात आणि सुटून नळीतून सरळ खाली पडतात. नळी थोडी जरी कलली तरी बीजाणू भिंतीला चिकटून वाया जातात. म्हणून अळंबी आपल्या नळ्या ओळंब्याने मोजल्यासारख्या उभ्या ठेवते आणि छिद्रांची बाजू नेहमी जमिनीकडे. झाड उभं असो की आडवं, तिला देणंघेणं फक्त गुरुत्वाकर्षणाशी.

आता समजा उभ्या झाडावर फळी होती आणि झाड पडलं. फळीही झाडाबरोबर फिरली, तिची छिद्रं आता एका बाजूला तोंड करून राहिली. ती जिवंत असेल तर जुना भाग तसाच सोडून नवी वाढ वळवते आणि पुन्हा जमिनीकडे तोंड करते. अशी काटकोनात वळलेली अळंबी म्हणजे झाड पडण्याआधी ती तिथे होती याचा पुरावा. उलट ज्या फळ्या आडव्या ओंडक्यावर व्यवस्थित आडव्या वाढल्या आहेत त्या पडल्यानंतरच्या.

आमच्या गुलमोहराबद्दल सगळ्या सोसायटीचं एकमत होतं की वाऱ्याने पडला. ताटलीएवढी फळी वॉचमनकाकांनी ज्ञान दिल्यावर मी नीट बघितली, तर तिचा मागचा अर्धा भाग पानाच्या तबकासारखा उभा होता आणि पुढचा भाग वळून आडवा झालेला. म्हणजे झाड उभं असतानाच बुंध्यात बुरशी होती, मुळांजवळ पोखरण चालू होती. वाऱ्याने शेवटचा धक्का दिला इतकंच.

म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याशी अशी फळी दिसली, विशेषतः खाली मुलं खेळत असतील किंवा गाड्या लागत असतील, तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला फोटोसह लेखी कळवा. फळी तोडून टाकू नका. तोडल्याने रोग बरा होत नाही, फक्त तपासायला येणाऱ्यासाठीची खूण नाहीशी होते. आणि झाड परस्पर कापायलाही जाऊ नका, शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा राज्य कायदा आहे आणि परवानगी घ्यावी लागते.

तिसरी पायरी: खालची बाजू

आता आरसा आणि भिंग काढा. खालून काय दिसतं त्यावर पुढची वाट ठरते.

सुईने टोचल्यासारखी बारीक गोल छिद्रं असतील तर पट्टी शेजारी धरून एका मिलिमीटरमध्ये किती बसतात ते मोजा. एकदाच मोजून थांबू नका, तीन ठिकाणी मोजा, कारण कडेला आणि मधे फरक असतो. एका मिलिमीटरमध्ये चार ते सहा हा गॅनोडर्मा या टणक, तपकिरी गटाचा (या सगळ्या नावांची मंडळी पुढे भेटतीलच) नेहमीचा आकडा. छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतच नसतील आणि खालची बाजू गुळगुळीत पांढरी वाटत असेल, तर भिंग लावल्याशिवाय 'छिद्रं नाहीत' असं लिहू नका. या चुकीत मी दोनदा सापडलोय.

मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी, लांबूनही दिसणारी मोठी छिद्रं असतील तर काम सोपं झालं, ती हेक्सागोनिया. छिद्रं लांबट होऊन एकमेकांत शिरली असतील, चक्रव्यूह काढल्यासारखी, तर ट्रामेटीस किंवा त्याचे नातेवाईक. दात किंवा चपटे काटे असतील तर आणखी वेगळा गट. पंख्याच्या काड्यांसारख्या पाकळ्या असतील आणि प्रत्येक पाकळी मधोमध उभी चिरलेली असेल तर शायझोफायलम. भिंगातूनही खरोखरच काही दिसलं नाही, खालची बाजू रंगवलेल्या भिंतीसारखी सपाट असली, तर स्टेरियमसारख्या गटाचा विचार करा.

खालची बाजू ताजी पांढरी असेल तर, अर्थात स्वतःच्या ओंडक्यावर, नखाने हलकी रेघ ओढा. गॅनोडर्माची रेघ काही क्षणांत तपकिरी होते. चपट्या, न चमकणाऱ्या गॅनोडर्मावर लोक अशा रेघांनी चित्रं काढतात आणि ती वाळल्यावर कायम राहतात. माझ्या भाचीने एकीवर मांजर काढलंय. ते मांजरापेक्षा घुबड जास्त दिसतं.

चौथी पायरी: वरची बाजू आणि गर

वरच्या बाजूला फार वेळ घालवू नका. तीनच गोष्टी बघा: चमक, केस आणि वलयं. लाखेचा थर दिल्यासारखी चमक आहे का? बोट फिरवल्यावर मखमल लागते की कोरडी साल? वलयं रंगाची आहेत की नुसते उंचसखल खोबण?

मग चाकूने एक पातळ काप घ्या. पांढरा, चामड्यासारखा गर ट्रामेटीसच्या बाजूला नेतो. बुचासारखा तपकिरी गर गॅनोडर्माकडे. गंजासारखा पिवळट तपकिरी आणि चाकूला दाद न देणारा टणक गर असेल तर फेलिनस आणि त्याच्या भावकीचा संशय घ्यायचा. या भावकीची पक्की कसोटी म्हणजे गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो काळा पडतो. पण हे द्रावण कातडी जाळतं, डोळ्यांत गेलं तर विचारूच नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी ओळखीचं असेल तर तिथे करून घ्या. स्वयंपाकघरात प्रयोग करू नका.

कापात नळ्यांचे एकावर एक थर दिसले तर फळी बहुवर्षायू आहे. युरोपात असे थर मोजून वय सांगतात. आपल्याकडे पाऊस मधेच ओढ देतो, वाढ थांबते, पुन्हा सुरू होते, त्यामुळे थर मोजून 'ही सात वर्षांची' असं ठोकून देऊ नये.

पाचवी पायरी: बीजाणूंचा ठसा

अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या. वाढत्या फळीचा, म्हणजे जिची कड अजून मऊ आणि फिकट आहे अशीचा, तुकडा छिद्रं खाली करून त्यावर ठेवा. वर वाडगं पालथं घाला. सकाळी कागदावर ठसा उमटलेला असेल. तपकिरी ठसा म्हणजे गॅनोडर्माचा दावा मजबूत. पांढरा म्हणजे ट्रामेटीस, हेक्सागोनिया वगैरे बरेच जण. जुनी, पूर्ण टणक झालेली फळी ठसा देत नाही, तिच्यावर आठवडा घालवू नका. निसर्गातच आधी झालेला ठसा शोधा: खालच्या फळीच्या डोक्यावर, पानांवर, कोळ्याच्या जाळ्यावर. आणि ती धूळ पुसू नका.

ठाण्यात हमखास भेटणारी मंडळी

गॅनोडर्मा. गुलमोहराच्या बुंध्याशी बसलेली लालसर तपकिरी, लाखेने पॉलिश केल्यासारखी, पांढऱ्या-पिवळ्या कडेची फळी बघितलीत तर ती बहुधा हीच. नावाचा ग्रीक अर्थही 'चमकदार कातडी' असाच आहे, पण या गटात न चमकणारे राखाडी-तपकिरी भाऊबंदही आहेत. चमकणारी दिसली की लोक लगेच गॅनोडर्मा ल्युसिडम म्हणतात. ते नाव १७८१ मध्ये इंग्लंडातल्या नमुन्यावरून दिलं गेलं होतं. आशियातल्या चमकदार जातींचं वर्गीकरण अजून ढवळून निघतंय. चीनमध्ये औषध म्हणून जिची शेती करतात तिला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी असं वेगळं नाव मिळालं. तेव्हा सोसायटीतल्या गुलमोहरावरच्या फळीला 'रेशी', म्हणजे तीच औषधी अळंबी, म्हणून तिचा काढा करायला निघालेल्या काकांना थांबवा. आमच्याकडे असे एक काका आहेत. वहीत 'गॅनोडर्मा, चमकदार गट' एवढं लिहिलं की पुरे.

शायझोफायलम कम्युन. आकाराने लहान, नखापासून दोन-तीन बोटांइतकी, राखाडी-पांढरी, केसाळ, पंख्यासारखी. वाळलेल्या फांद्यांवर शेकड्याने बसते. उन्हात आपल्या चिरलेल्या पाकळ्या आत मुडपून मेल्यासारखी पडून राहते आणि पाऊस पडला की पुन्हा उघडते. मे महिन्यातली एक सुकी फांदी घरी आणून पाण्याचा हबका मारा आणि बघत बसा, मुलांना टीव्हीपेक्षा जास्त आवडतं. हिच्यात जोडी जुळण्याच्या दृष्टीने वीस हजारांहून अधिक प्रकार असतात, दोन लिंगांवर भागवणाऱ्या आपल्याला ते हिशेबात बसत नाही. मणिपुरात ती कांगलायेन या नावाने चवीने खातात. तरी ठाण्यातल्या रस्त्याकडेच्या फांदीवरची आणून भाजी करू नका.

शेंदरी पायक्नोपोरस. लांबून कोणी ओंडक्यावर शेंदूर फासलाय असं वाटतं. वर, खाली आणि आतही तोच नारिंगी-लाल रंग. उघड्यावर, उन्हात पडलेल्या सुक्या लाकडावर बघा, सावलीत शोधू नका. जुनी होते तशी वरून फिकी पडते, खालची बाजू मात्र लाल राहते. आजकाल तिला ट्रामेटीस सँग्विनिया असंही म्हणतात. रंगावरून ओळखता येणारी मला माहीत असलेली ही एकटीच, म्हणून नवख्यांसाठी हक्काची.

हेक्सागोनियाचं वर सांगितलंच. मायक्रोपोरस झँथोपस मात्र येऊरच्या सावलीतल्या फांद्यांवर मुद्दाम शोधा: पातळ, तपकिरी वलयांचा छोटा पेला आणि खाली पिवळं पाऊल. अर्लिएला स्कॅब्रोसा लाकडाला अंगचटीला लागून पसरते, मधे लालसर तपकिरी आणि कडेला पांढरी. ट्रामेटीसच्या पातळ, पांढऱ्या-राखाडी, वलयांकित फळ्या सगळीकडे आहेत आणि जाती वेगळ्या करणं अवघड आहे.

फेलिनसबद्दल थोडं जास्त. माझी आत्या रत्नागिरीची. तिला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "अरे, हा तर फणसांबा!" कोकणात फणसाच्या खोडावर येणाऱ्या या टणक अळंब्यांना हे नाव आहे. सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर किंवा लाळ गळण्यावर लावायची पद्धत होती. आत्याच्या माजघरात तो वाळलेला तुकडा सुंठीच्या बरणीशेजारी असायचा. नाव एकच असलं तरी त्यात एकापेक्षा जास्त जाती येतात, आणि फणसावरची जी ती सुबाभळीवरची असेलच असं नाही. घरगुती औषध म्हणून वाटेल ती टणक फळी उगाळू नका.

फसवणारे

काळा, कोळशासारखा टणक गोळा दिसला आणि फोडल्यावर आत कांद्यासारखी वलयं दिसली तर ती डाल्डिनिया. ती लाकडावर येते, टणकही असते, पण फळी नाही आणि तिचं घराणंच वेगळं. रबरी, कानासारखी, पावसात लुसलुशीत होणारी ती ऑरिक्युलारिया. खोडातून पाझरून घट्ट झालेला डिंक आणि वाळवीच्या मातीचे थर यांनीही मला फसवलंय. डिंक ओला केला की चिकट होतो, माती बोटाने चुरते. एवढं करून बघितलं की गैरसमज मिटतो.

सर्वात मोठी फसवणूक परदेशी पुस्तकांची. त्यांत सुंदर चित्रांसह फोमस फोमेंटारियस असते, बर्च झाडावरची पांढरी फळी असते. १९९१ मध्ये आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ या दोन्ही होत्या, एक आग पेटवण्यासाठी. गोष्ट भारी आहे, पण आपल्याकडे बर्च नाही आणि घोडबंदर रोडवर ती मंडळी भेटणार नाहीत. अ‍ॅप मात्र बिनदिक्कत तीच नावं सुचवतं, कारण त्याला शिकवायला वापरलेले फोटो तिकडचे जास्त. अ‍ॅपने सांगितलेलं नाव पेन्सिलीने लिहा, आणि वरच्या पाच पायऱ्यांतल्या निदान तीन जुळल्या तरच ठेवा.

नोंद आणि नमुना

एका फळीचे किमान चार फोटो हवेत: लांबून संपूर्ण झाड, वरून, खालून पट्टीसह, आणि कापलेला गर. चौथा राष्ट्रीय उद्यानात नाही, हे पुन्हा सांगतो. नमुना ठेवायचा असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून पंख्याखाली आठवडाभर, मग उन्हात. नीट न वाळलेल्या अळंबीतून आपल्या दमट हवेत इवले भुंगेरे बाहेर येतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भुकटी उरते. माझा ताटलीएवढा गॅनोडर्मा असाच गेला. आता वाळल्यावर घट्ट पिशवीत घालून मी दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो. या बाबतीत घरच्यांशी झालेल्या चर्चेचा तपशील इथे देत नाही.

अगदीच अडलं तर वाळवलेला नमुना, फोटो आणि झाडाचं नाव घेऊन एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा मोठा संग्रह आहे, आजरेकरांच्या नावाचा. तिथल्यासारख्या जाणकारांना सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आणि तंतू बघितल्याशिवाय जात सांगता येत नाही, मग आपण भिंगावर ती सांगायचा हट्ट कशाला करायचा? गटापर्यंत पोचलो तर तो दिवस चांगला गेला असं मी मानतो.

या रविवारी मधल्या ओंडक्यावर नवी फळी दिसली. वहीतली नोंद अशी: गुलमोहर, तिसरा पावसाळा, साल गळलेली, पांढरी कूज. फळी चार बोटं रुंद, पातळ, वरून मखमली. खालून पांढरी, मधे गोल छिद्रं, कडेला चक्रव्यूह, मिलिमीटरला दोन-तीन. गर पांढरा. ठसा घ्यायचा राहिला, कारण कड आधीच टणक. गट: ट्रामेटीस. त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, पेन्सिलीनेच काढलेलं.